घुमणं विरू द्यायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

चौऱ्याहत्तर ठोके पडले. सगळे एकदम.

जेम्स मास्तरांची माती होती. पेटी चर्चच्या फाटकाशी आली तशी मी मागच्या खोलीत लॅपटॉपचं बटण दाबलं. मनोऱ्यावरच्या कर्ण्यातून घाटात ट्रकनं ब्रेक मारावा तसा आवाज आला. चार-पाच सेकंद. मग लॅपटॉप जागीच गोठला. बाहेर धावलो, तर खांदेकरी थबकलेले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांची लेक माझ्याकडे बघत राहिली — रागानं नव्हे, ते जास्त लागलं.

शिरूरच्या आमच्या मंडळीत मातीच्या दिवशी माणसाचं जितकं वय तितके घंटेचे ठोके. लोक हातातलं काम थांबवून मोजतात. पण घंटेला गेल्या वर्षी तडा गेला, आता वाजवली तर तेलाच्या डब्यासारखी वाजते. माझ्या मोबाईलवर २०१९ च्या ईस्टरला घेतलेला तिचा एक ठोका होता, घुमण्यासकट बारा सेकंदांचा. मीच कमिटीला म्हणालो, मी कॉम्प्युटरवर वाजवून देतो. रांजणगावच्या कंपनीत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, रिटायर झाल्यावर व्हिडिओ बघत, डिक्शनरी मांडीवर घेऊन प्रोग्रामिंग शिकलो. त्याचा डौल. आज उतरला.

इंद्रजीत — कमिटीचा सेक्रेटरी — फाटकातच म्हणाला, "आबा, मास्तरांनी जन्मभर पोरं रांगेत उभी केली. आन् तुम्ही त्यांची चौऱ्याहत्तर वर्षं एका खड्ड्यात ढकलली."

मी मागं जाऊन लॅपटॉप बंद केला.

४ फेब्रुवारी

चूक सापडली.

प्रोग्राम जावास्क्रिप्टमधला. आत एक फेरा आहे — जितकं वय तितक्या वेळा कॉम्प्युटरला हुकूम द्यायचा, ठोक्याची फाइल वाजव. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत मी हातानं टाइप करतो तोच हुकूम, फक्त माझ्या वतीनं प्रोग्राम देतो. पण हुकूम दिला की तो वाजून संपेपर्यंत थांबत नाही. लगेच हातात एक प्रॉमिस ठेवतो — काम घेतलंय, झालं की कळवतो — आणि पुढच्या फेऱ्याला मोकळा.

गिरणीत दळण ठेवलं की नंबरची चिठ्ठी मिळते, तसंच ते. चिठ्ठी घेऊन बाजार करून यावा, मग पीठ झालं का बघावं. मी चिठ्ठी मिळाली म्हणजे पीठच मिळालं असं धरून तवा तापवला. हातात चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या आणि परात रिकामी.

थांबायचं तर तसं सांगावं लागतं. अवेट. एक शब्द. एवढ्याशा शब्दापायी मास्तरांची शोभा झाली.

५ फेब्रुवारी

दबोरामावशींकडे गेलो. त्या एकोणनव्वद वर्षांच्या. एक्केचाळीस वर्षं त्यांनी घंटेचा दोर ओढला, त्यांच्या सासऱ्यांनंतर. आता खाटेवर. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा. सून सविता सगळं करते.

त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. खाट गल्लीकडच्या खिडकीशीच आहे.

"माझ्या येळंला काय वाजीवणार हायेस, इसहाक? टरकचा ब्रेक?"

सविता तोंडाला पदर लावून आत गेली. मीही हसलो, काय करता.

मग त्यांनी शिकवलं. मी एकाहत्तर वर्षांचा, वही घेऊन खाटेशेजारी बसलो. "ठोका मारायचा. मग हात सोडायचा. घुमणं विरू द्यायचं पुरतं. कान लावायचा — गेलं? मग दुसरा. घाई केली तर दोन वर्षं एकात मिसळत्यात. आन् कमी न्हाई, जास्त न्हाई. घंटेनं वय खोटं सांगायचं न्हाई." वर्षाच्या आत गेलेल्या लेकराला ठोका नाही, हाही जुना नियम. पुरं झालेलं वर्षच नाही तर मोजायचं काय.

वहीत उतरून घेतलं. मी अवेट लिहितो त्याला त्या एक्केचाळीस वर्षं घुमणं विरू देणं म्हणत आल्या.

आणि एक. बाईमाणसाचे ठोके दोन्हीकडे पडायचे, सासरी नि माहेरी. मावशींचं माहेर दौंड, तिथल्या रेल्वेच्या वस्तीतलं छोटं चर्च. तिथे घंटा नव्हती, कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, हातोड्यानं वाजवायचे. इथून सायकलवर निरोप जायचा. चार वर्षांपूर्वी भंगारवाल्यांनी तो तुकडा पळवला.

"दौंडात वाजंल का रं माझं?"

हो म्हणालो. म्हणून बसलो.

८ फेब्रुवारी

अवेट घातलं. आवाज बारीक करून पाच ठोके लावून बघितले — पाचही एकदम! असं कसं?

चहा दोनदा गार झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत लक्ष नव्हतं, देवा माफ कर. फॉरईच नावाचा जो फेरा मी वापरला तो कुणासाठी थांबतच नाही. अवेट आत लिहिलं काय, न लिहिलं काय. साधा फॉर घातला. ठोका. घुमणं. विरलं. ठोका.

डोळ्यांत पाणी आलं. एका आकड्याच्या फेऱ्यासाठी! कुणाला सांगायची सोय नाही.

१३ फेब्रुवारी

दौंडला जाऊन आलो. तिथल्या मंडळीतल्या जोएलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, चर्चची किल्लीही त्याच्याकडेच. जुना कॉम्प्युटर दिला त्यानं, कर्णा कडुलिंबावर चढवला. आता माझा प्रोग्राम शिरूरात बसून एकाच वेळी दोन हुकूम देतो: एक इथल्या कर्ण्याला, एक इंटरनेटवरून दौंडच्या कॉम्प्युटरला. दोन्ही प्रॉमिस हातात धरून थांबायचं. दोन्हीकडचं घुमणं विरलं की मगच पुढचा ठोका.

पहिल्या वेळी दौंडनं 'झालं' म्हणून कळवलं आणि जोएल फोनवर म्हणतो, "आबा, चिमणीबी उडाली न्हाई." कर्ण्याची वायर निसटलेली. कॉम्प्युटरला वाटतं आपण वाजवलं. खरंखोटं त्याला काय ठाऊक. तेव्हा खरे ठोके असतील त्या दिवशी जोएलनं झाडाखाली उभं राहून कान द्यायचा, असं ठरलं.

"मी हाय की," म्हणाला. "दुकान काय, शटर खाली."

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत आधी सांगून ठेवलं होतं, कुणाची माती नाही, चाचणी आहे, चाळीस ठोके. कमिटी अंगणात खुर्च्या टाकून बसली. तीस ठोके असे पडले की पाळकसाहेबांनी मान डोलावली.

एकतिसाव्याला दौंडचं नेट गेलं. तिकडचं प्रॉमिस फसलं, त्यासरशी सगळा प्रोग्राम कोसळला. शिरूरही गप्प.

तीस-एकतीसला घंटा थांबली तर ऐकणारा काय समजेल? कुणीतरी तरणं गेलं.

इंद्रजीतची आई सोजराबाई दौंडला लेकीकडे असते. तिनं तिकडं शेंगदाणे मांडून मोजले होते. त्याला फोन आला. त्यानं सगळ्यांदेखत स्पीकरवर लावला. "तीसच झालं बाबा. धा शेंगदाणं माझ्या हातातच राह्यलं."

कमिटीनं तिथंच ठरवलं. दबोरामावशींच्या वेळी एक संधी. एकही ठोका कमी किंवा जास्त झाला — शिरूरात काय नि दौंडात काय — तर यंत्र बंद. कायमचं.

"रागावू नका आबा," इंद्रजीत म्हणाला. "पण मेलेल्या माणसावर प्रॅक्टिस न्हाई करायची."

खरं आहे त्याचं. म्हणून तर झोंबलं.

१९ फेब्रुवारी

कोसळायचं नाही, असं आता लिहिलंय. दौंडचा हुकूम फसला, किंवा वीस सेकंदांत उत्तरच आलं नाही, तर तोच ठोका पुन्हा द्यायचा. शिरूर तोवर थांबेल. उशीर झाला तरी चालेल.

लिहून झालं, पाणी प्यायला उठलो आणि दारातच पाय थबकला. ठोका पडला, पण 'पडला' हा निरोपच वाटेत हरवला तर? मी समजणार पडलाच नाही, पुन्हा मारणार. एक जास्त!

परत बसलो.

२० फेब्रुवारी

सुचलं. भाजी निवडताना सुचलं.

प्रत्येक ठोक्याला नंबर. दौंडच्या कॉम्प्युटरनं वाजवलेला नंबर आपल्याजवळ टिपून ठेवायचा. मी तोच नंबर पुन्हा मागितला तर त्यानं म्हणायचं — हा दिला मघाशीच. वाजवायचं नाही, नुसतं हो म्हणायचं.

२२ फेब्रुवारी

जोएलनं आज तीनदा नेट उपटलं, एकदा भर ठोक्यात. आवाज बारीक ठेवून एकोणनव्वद. मी इथे मोजले, त्यानं तिथे. बरोबर. पुन्हा लावले. बरोबर.

"आबा, आता हे देवानंबी चुकवायचं म्हणलं तर चुकायचं न्हाई."

असं बोलू नये म्हणालो. पण कान सुखावले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींनी बोलावलं. सवितेला चहा टाकायला पाठवलं आणि माझा हात धरला. हात कसला, वाळलेली शेंग.

"इसहाक, मला एक पायजे. दौंडात. माझे पडायच्या आधी एक."

मला कळेना.

त्यांना पहिली मुलगी झाली होती. १९५७. बाळंतपण माहेरी, दौंडला. सात महिन्यांची होऊन तापात गेली. बाप्तिस्मा व्हायचा होता, म्हणून रजिस्टरमध्ये नाव नाही. वर्ष पुरं नाही, म्हणून रुळावर ठोका नाही. सासरे इथे घंटेवर होते, त्यांनी निरोप पाठवला — वर्ष न्हाई तर ठोका न्हाई. पुढे मुलगा झाला, म्हणजे सवितेचा नवरा, संसार झाला, दोर मावशींच्या हाती आला. एक्केचाळीस वर्षं त्यांनी साऱ्या गावाचे ठोके मोजून दिले.

"दोर माझ्या हातात व्हता. एक टाकला असता तर कुणाला कळलं असतं? पन टाकला न्हाई. नेम म्हंजी नेम."

मी म्हणालो, मावशी, तुम्हीच शिकवलंत, घंटेनं खोटं सांगायचं नाही.

"खोटं न्हाई ते. सात म्हैनं जगली ती. मी हुती तिथं."

मग तिचं नाव सांगितलं. अडुसष्ट वर्षांत कुणाजवळ उच्चारलं नव्हतं म्हणे. मी इथेही लिहीत नाही.

सविता चहा घेऊन आली. मावशी लगेच, "साखर टाकलीस का न्हाई?" जसं काही बोलणंच झालं नाही.

२६ फेब्रुवारी

एक जास्त म्हणजे यंत्र बंद. हे मावशींना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

यंत्र बंद म्हणजे यापुढे कुणालाच ठोके नाहीत. घंटा ओतून घ्यायचं नाव कमिटी काढत नाही. मास्तरांची शोभा झाली ती झालीच, निदान इतरांची माती तरी नीट होईल म्हणून एवढं केलं.

आणि खरं ते लिहावं. लोकांनी म्हणावं, इसहाकनं करून दाखवलं — हेही हवंय मला. म्हातारपणी एवढी हाव.

२७ फेब्रुवारी

पाळकसाहेबांना विचारावं? विचारलं की ते कमिटीत जाणार. कमिटीत गेलं की गावात. मावशींनी अडुसष्ट वर्षं झाकून ठेवलेलं गावभर.

नाही विचारलं.

२८ फेब्रुवारी

फेऱ्याच्या वर एक ओळ लिहिली. फक्त दौंडला हुकूम, मग अवेट. नंबर शून्य. तिचं नाव प्रोग्रामात घातलंय, तिथे कुणी वाचत नाही.

मग पुसली.

१ मार्च, शनिवार

सकाळी दहाच्या सुमारास दबोरामावशी प्रभूमध्ये झोपी गेल्या. सविता म्हणाली, चहा मागितला होता, कप हातात दिला तर धरला नाही.

ओळ परत लिहिली.

२ मार्च, रविवार

उपासना झाल्यावर पेटी निघाली. मी मागच्या खोलीत, कानाला फोन, पलीकडे जोएल झाडाखाली. इंद्रजीत दारात उभा, हाताची घडी घालून.

बटण दाबलं. इथे शांतता. इंद्रजीतनं मान वळवली. "का वो? अडकलं?"

"सुरू होतंय," म्हणालो.

फोनमधून ऐकू आला. दौंडात, एकटा. बारा सेकंद फोन कानाला घट्ट दाबून धरला. घुमणं विरलं पुरतं.

मग दोन्हीकडे मिळून पहिला. दुसरा. फाटकाबाहेर रिक्षा थांबली, माणसं उतरून उभी राहिली. एकेक वर्ष जात होतं. वीस. एकवीसला, म्हणजे लेक गेली तेव्हा मावशींचं जे वय होतं त्याला, मनात म्हटलं, आता मावशी दौंडहून परत आल्या असतील रिकाम्या हातानं.

त्रेपन्नाव्याला दौंडचं उत्तर नाही. वीस सेकंद. पुन्हा हुकूम. चाळीस. पेटी फाटकात थांबलेली. "आबा," इंद्रजीत म्हणाला. नुसतं आबा. मी कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले, घाबरून काहीतरी दाबू नये म्हणून. साठ सेकंद. मग दौंडचा निरोप — हा मघाशीच वाजला. आणि चोपन्न.

एकोणनव्वद झाले. शेवटचं घुमणं किती वेळ राहिलं देव जाणे. सविता मोठ्यानं रडली ती त्यानंतरच.

इंद्रजीतनं खांद्यावर हात ठेवला. "बरोबर झाले आबा. मी मोजले."

एवढ्यावर दिवस संपता तर.

चार वाजता तो घरी आला. उंबऱ्यातच उभा. "आईचा फोन आला हुता. दौंडात नव्वद."

"असतील."

"असतील म्हंजी?"

"फेरा चुकला असेल. शून्यापासून मोजलं की एक वाढतो कधीकधी."

"तुम्हाला म्हणलं हुतं मी."

"म्हणाला होतास बाबा."

तो गेला आणि जोएलचा फोन. "आबा, सगळी म्हणत्यात तुमचा प्रोग्राम चुकला. पन तुम्ही तर नंबर घातले हुते. चुकायला जागाच न्हाई त्यात. पहिला तर—"

"जोएल," म्हणालो, "कर्णा उतरवून ठेव. पाऊस-उन्हानं खराब होईल."

मग "व्हय" म्हणाला.

५ मार्च, बुधवार

कमिटीचं पत्र आलं. यंत्र बंद. मागच्या खोलीची किल्ली नेऊन दिली. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही मनापासून केलंत. मनापासून केलं असं माणसाला कधी म्हणतात ते मला कळतं.

बाजारात दोघा-तिघांनी विचारलं, "काय आबा, भाज्या मोजून घेताय ना?" हसलो. चांगली चार वांगी घेतली.

९ मार्च, रविवार

दुपारी इंद्रजीत आला. बसला नाही. म्हणाला, आईला सांगितलं, आबांचा फेरा चुकला. ती म्हणाली, चुकला न्हाई, दबोराची पहिली मुलगी दौंडातच गेली, मी तवा शेजारच्या खोलीत राह्यची.

मग त्यानं खिशातून मागच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ती चूक दुरुस्त नका करू, आबा. आईचीबी तशी दोन गेली हायेत."